क्लिप की मॅगझिन? नेत्यांच्या चुकांवर हसताना एक चाचणी

आजचा विषय अमेरिकेतला आहे, बंदुकांचा आहे, पण घाबरू नका, हाणामारीचा भाग नाहीये. आज आपण विनोदांबद्दल बोलणार आहोत. बंदूक बाळगणारी माणसं त्यांच्या राजकारण्यांवर जे विनोद करतात ना, त्यांच्याबद्दल.

सुरुवात एका व्हिडिओने करू. मार्च २०२५. अमेरिकेत नाइन्थ सर्किट नावाचं एक अपील कोर्ट आहे, सुप्रीम कोर्टाच्या एक पायरी खालचं. त्यांच्यापुढे कॅलिफोर्नियाचा एक कायदा होता. दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन घरात ठेवायचं नाही, असा. अकरा न्यायाधीश बसले. सात जण म्हणाले, कायदा बरोबर. चार जण म्हणाले, चूक. इथपर्यंत नेहमीचंच. पण त्या चारांपैकी एक, लॉरेन्स व्हॅनडाइक, यांनी लेखी मतासोबत चक्क व्हिडिओ टाकला! आपल्या चेंबरमध्ये बसलेत, अंगात न्यायाधीशाचा झगा, हातात पिस्तूल, आणि भाग सुटे करून दाखवतायत. मुद्दा एवढाच, की माझ्या सहकाऱ्यांना बंदूक कशी चालते हेच नीट कळलेलं नाही.

बहुमताच्या बाजूच्या न्यायाधीश मार्शा बर्झन चांगल्याच भडकल्या. त्यांचं म्हणणं, न्यायाधीशाने स्वतःच तज्ज्ञ साक्षीदार होऊन बसायचं, हे कुठल्या नियमात बसतं?

आता बघा, हा व्हिडिओ आकाशातून पडलेला नाही. 'यांना बंदुकीतलं काही कळत नाही आणि हे कायदे करतात' हा अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांचा फार जुना आणि फार आवडता विनोद आहे. टी-शर्टवर, स्टिकरवर, मीममध्ये, सगळीकडे. व्हॅनडाइकसाहेबांनी तो कोर्टात नेला, एवढंच.

प्रश्न असा आहे, की हा विनोद खरा किती आणि सोयीचा किती?

आधी वस्तू समजून घेऊ

आपल्याकडे बंदूक बहुतेकांनी पोलिसाच्या कमरेला किंवा सिनेमातच पाहिलेली असते. बोलतानाही आपण सगळ्याला 'गोळी' म्हणतो. खरं तर आख्खी वस्तू असते ती काडतूस. पितळेची नळकांडी, आत दारू, तोंडाशी गोळी. चाप ओढला की गोळी उडते, नळकांडी मागे राहते. काडतूस हा शब्द आपल्याला १८५७ च्या धड्यातून माहितीये, चरबी लावलेली काडतुसं वगैरे.

मग मॅगझिन म्हणजे काय? स्टेपलर डोळ्यांसमोर आणा. स्टेपलर उघडला की आत एक खाच असते, मागे स्प्रिंग असते. ती स्प्रिंग पिनांना पुढे ढकलत राहते. मॅगझिन म्हणजे तेच. एक डबी, आत स्प्रिंग, वर एकावर एक काडतुसं. एक उडालं की स्प्रिंग पुढचं वर ढकलते. डबी रिकामी झाली की काढायची, परत भरायची, परत लावायची. वर्षानुवर्षं.

आणि क्लिप? स्टेपलरच्या पिनांची ती चिकटलेली पट्टी असते ना, जी आपण डबीतून काढून आत टाकतो? ती क्लिप. काडतुसं एकत्र धरून ठेवणारी धातूची साधी पट्टी. तिला ढकलायला स्प्रिंग नसते. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची एम-१ गॅरंड रायफल अशीच भरायची, आठ काडतुसांची क्लिप आत दाबायची.

थोडक्यात, क्लिप म्हणजे पिनांची पट्टी, मॅगझिन म्हणजे पिना ढकलणारी खाच. 'मॅगझिन' शब्दाचं मूळ अरबी 'मखझन', म्हणजे कोठार. आधी दारूगोळ्याचं कोठार, मग बंदुकीतलं छोटं कोठार. आपण वाचतो ते मॅगझिनही तिथूनच आलं, माहितीचं कोठार म्हणून.

आता या अमेरिकन बंदूकवाल्यांसमोर तुम्ही मॅगझिनला क्लिप म्हणालात, की संपलं. गवयासमोर तबल्याला ढोलकी म्हटल्यासारखं. चार जण हसतील, पाचवा लेक्चर देईल.

पहिला किस्सा : अर्ध्या सेकंदात तीस

जानेवारी २०१४, कॅलिफोर्निया. राज्याचे सिनेटर केविन डी लिऑन पत्रकार परिषदेत एक रायफल हातात घेऊन उभे. त्यांचा विषय होता 'घोस्ट गन'. म्हणजे सुटे भाग आणून घरीच जोडलेली बंदूक, जिच्यावर नंबरच नसतो, त्यामुळे गुन्ह्यानंतर पोलिसांना माग काढता येत नाही. आणि तिथे ते म्हणाले, की ही बंदूक '.३० कॅलिबर क्लिप'ने अर्ध्या सेकंदात तीस गोळ्या सोडू शकते. पुढे तर 'थर्टी मॅगझिन क्लिप' असंही म्हणाले.

झालं! बंदूकवाल्यांची दिवाळी. कारण एका वाक्यात किती चुका? कॅलिबर म्हणजे नळीची किंवा गोळीची जाडी. .३० म्हणजे इंचाचा तीस शतांश. त्याचा तीस गोळ्यांशी काही संबंध नाही. क्लिप आणि मॅगझिन एकत्र शिजवलं. आणि वेग? अर्ध्या सेकंदात तीस म्हणजे मिनिटाला ३६००. सैन्याची पूर्ण ऑटोमॅटिक रायफलसुद्धा याच्या आसपास जात नाही. आणि त्यांच्या हातातली जात सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीला चाप पुन्हा ओढायचा.

ऐकायला मजा येते, खरंय. पण आता एक काम करा. त्यांची सगळी चुकीची वाक्यं खोडा आणि बरोबर लिहा. मॅगझिन म्हणा, कॅलिबर काढून टाका, वेग खरा लिहा. त्यांचा मुद्दा पडतो का? बिननंबरी बंदुकीचा माग लागत नाही, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. त्यांचं ते विधेयक राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी व्हेटो केलं. पण २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने घरी जोडलेल्या बंदुकांवर नंबर सक्तीचा करणारा कायदा केला, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारचा घोस्ट गनचा नियम ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. माणसाची भाषा विनोदी होती, प्रश्न मात्र खरा निघाला.

म्हणजे आपल्याला एक चाचणी मिळाली. शब्द दुरुस्त करा. मुद्दा उभा राहिला, तर तो फक्त विनोद आहे. मुद्दाच कोसळला, तर तो विनोद नाही, ते उत्तर आहे. ही चाचणी पुढच्या किश्श्यांना लावू.

दुसरा किस्सा : गोळ्या संपल्या, मॅगझिन संपलं

कोलोरॅडो, एप्रिल २०१३. वातावरण समजून घ्या. जुलै २०१२ मध्ये याच राज्यात, ऑरोरामध्ये, सिनेमागृहात गोळीबार झाला, १२ जण गेले. डिसेंबरात सॅंडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं. देश हादरलेला. कोलोरॅडोने मार्चमध्ये पंधरापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी घातली. आणि तिथल्याच काँग्रेस सदस्य डायना डिगेट दिल्लीत, सॉरी, वॉशिंग्टनमध्ये, देशभर अशी बंदी आणायचं विधेयक घेऊन उभ्या होत्या.

डेन्व्हरमध्ये एका जाहीर चर्चेत त्यांना विचारलं, की लोकांकडे आधीच इतकी मॅगझिन आहेत, बंदीने फरक काय पडणार? त्यांचं उत्तर साधारण असं होतं : हा दारूगोळा आहे, या गोळ्या आहेत. ज्यांच्याकडे आहेत ते त्या उडवतील. नवीन विकायला बंदी असली, की काळाच्या ओघात ही मॅगझिन कमी होत जातील, कारण गोळ्या उडून गेलेल्या असतील.

म्हणजे पिना संपल्या, की स्टेपलर कचऱ्यात!

सभागृहात लोक हसले. नंतर त्यांच्या प्रवक्त्याने खुलासा केला, की बाईंना 'क्लिप' म्हणायचं होतं, क्लिप परत वापरता येत नाही. आता क्लिपही परत भरता येते. म्हणजे आगीवर पाणी म्हणून रॉकेल ओतलं. मग 'टाकी रिकामी झाली, गाडी भंगारात देऊ का?' या छापाचे विनोद किती झाले असतील, तुम्हीच कल्पना करा.

चाचणी लावू. शब्द दुरुस्त केला, तर काय होतं? मॅगझिन संपत नाही, दशकानुदशकं टिकतं. मग 'काळाच्या ओघात कमी होतील' हे उत्तरच उरत नाही. प्रश्न होता बंदी चालणार कशी, आणि उत्तर त्या चुकीवरच उभं होतं. इथे हसणारा नुसता टिंगल करत नव्हता, बरोबर जागी बोट ठेवत होता.

पुरावाही समोर घडला. मॅगपुल ही मॅगझिन बनवणारी मोठी कंपनी तेव्हा कोलोरॅडोचीच. राज्याची बंदी १ जुलै २०१३ पासून लागू होणार होती. त्याआधी कंपनीने लोकांना तीस-तीस गोळ्यांची मॅगझिन फुकट वाटली, कारण आधीपासून घरात असलेली ठेवायला परवानगी होती. ती मॅगझिन आज काही आटलेली नाहीत. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत देशभर अशीच बंदी होती, तेव्हाही जुना माल कायदेशीरच होता.

तिसरा किस्सा : चूक जेव्हा कायदा होते

न्यूयॉर्क, जानेवारी २०१३. सॅंडी हूकनंतर जेमतेम महिना. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी 'सेफ अ‍ॅक्ट' घाईघाईत मंजूर करून घेतला. त्यात एक कलम : मॅगझिनमध्ये सातपेक्षा जास्त गोळ्या नकोत.

सातच का? दहा का नाही? बरं, बहुतेक आधुनिक पिस्तुलांसाठी सात गोळ्यांचं मॅगझिन कंपन्या बनवतच नाहीत. म्हणजे कायदा पाळायचा म्हटलं, तरी दुकानात वस्तूच नाही. वर पोलिसांना सूटही स्पष्ट लिहायची राहून गेली, तीही नंतर दुरुस्तीची गोष्ट झाली.

मग सरकारने मधला मार्ग काढला. दहाचं मॅगझिन चालेल, पण भरायच्या सातच! त्यावर बोलताना कुओमो म्हणून गेले, की सात गोळ्यांचं मॅगझिन अशी काही वस्तूच नसते. आता गंमत बघा. एम-१९११ हे अमेरिकन सैन्याचं सगळ्यात गाजलेलं पिस्तूल, पुढची अनेक दशकं वापरात होतं. त्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या किती? सात! म्हणजे कायदा करतानाही चूक आणि कायदा सुधारतानाही चूक.

२०१३ च्या शेवटच्या दिवशी फेडरल कोर्टाने सात भरायची ती मर्यादा रद्द केली. आकडा मनाला येईल तसा निवडलाय, असं कोर्टाचं मत पडलं. दहाची मर्यादा मात्र टिकली.

इथे बंदूकवाल्यांची बाजू प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवी. आपल्याला तो नुसता शब्दांचा खेळ वाटतो. त्यांच्यासाठी आठवी गोळी म्हणजे गुन्हा. काल दुकानातून रीतसर घेतलेली स्प्रिंगवाली डबी आज घरात ठेवली म्हणून केस. तुमच्यापैकी काही जण न्यू जर्सीतून ऐकता, काही टेक्सासमधून. न्यू जर्सीने २०१८ मध्ये मर्यादा पंधरावरून दहावर आणली, टेक्सासमध्ये मर्यादाच नाही. एकच डबी, एका राज्यात सामान, दुसऱ्या राज्यात गुन्हा. मग ज्याच्या सहीने गुन्हा ठरतो, त्याला ती वस्तू माहीत असावी, ही अपेक्षा काही वावगी नाही.

चौथा किस्सा : जो सगळ्यात जास्त चालला

आता तो, ज्याच्यावर आजही मीम बनतात.

एप्रिल २००७. व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांची हत्या नुकतीच झालेली. टीव्हीवर टकर कार्लसन, समोर न्यूयॉर्कच्या काँग्रेस सदस्य कॅरोलिन मॅकार्थी. त्यांच्या विधेयकात बंदी घालायच्या गोष्टींत एक शब्द होता, 'बॅरल श्राउड'. नळी तापते, हात भाजू नये म्हणून तिच्याभोवती बसवलेलं आवरण. कार्लसन विचारतो, हे काय असतं? त्या विषय मोठ्या मॅगझिनकडे नेतात, त्यांनाही 'क्लिप'च म्हणतात. तो सोडत नाही, पुन्हा विचारतो. शेवटी त्या म्हणतात, मला खरंच माहीत नाही. बहुतेक खांद्यावर वर जाणारं काहीतरी असावं.

'खांद्यावर वर जाणारं काहीतरी'! इतकी वर्षं झाली, अजून चालतंय ते वाक्य.

चाचणी लावा. स्वतःच्या विधेयकातला शब्द माहीत नाही, हे वाईटच. बॅरल श्राउडवर बंदी का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तिथपर्यंत हसणाऱ्यांचा मार्क त्यांना देऊन टाकू.

पण त्या पुन्हा पुन्हा मॅगझिनकडे का वळत होत्या?

७ डिसेंबर १९९३. न्यूयॉर्कहून संध्याकाळी घरी निघालेली लाँग आयलंड रेल रोडची लोकल. ऑफिस सुटल्यावरची गर्दी, डुलक्या काढणारी, पेपर वाचणारी माणसं. आपल्याला हे चित्र समजावून सांगायला नको. एक माणूस उठला आणि डब्यातून चालत एकेकाला गोळ्या घालत सुटला. त्याच्याकडे १५ गोळ्यांची मॅगझिन होती. पहिलं संपलं, दुसरं लावलं. दुसरं संपलं. तिसरं लावायला तो थांबला, आणि त्या काही सेकंदांत तीन प्रवाशांनी झडप घालून त्याला खाली पाडलं. ६ जण गेले, १९ जखमी झाले.

त्या सहा जणांत मॅकार्थीबाईंचे पती होते. मुलाच्या डोक्यात गोळी लागली, तो गंभीर जखमी होऊन वाचला. बाई तेव्हा नर्स होत्या, राजकारणात नव्हत्या. याच विषयावर त्या १९९६ मध्ये निवडून आल्या.

आता सांगा, मॅगझिन म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायचं? नाव चुकत असेल. पण मॅगझिन बदलताना हात थांबतो, आणि तेवढ्यात कुणीतरी वाचतं, हे त्यांना माहीत होतं. पंधराच्या जागी दहा असत्या, तर तो थांबा आधी आला असता का, हा त्यांचा प्रश्न होता. २०११ मध्ये टुसॉनमध्ये काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला, तेव्हाही असंच घडलं. ३३ गोळ्यांचं मॅगझिन रिकामं झालं, आणि दुसरं भरायच्या वेळी लोकांनी हल्लेखोराला पकडलं. जमिनीवरून मॅगझिन हिसकावून घेणारी बाई ६१ वर्षांची होती.

याला उत्तरच नाही, असं मात्र समजू नका. व्हर्जिनिया टेकच्या चौकशी समितीनेच म्हटलंय, की तिथे दहाच्याच मर्यादेने फारसा फरक पडला नसता. त्या हल्लेखोराकडे मॅगझिन भरपूर होती, तो भराभर बदलत होता आणि खोल्यांत अडकलेल्या मुलांना त्याला रोखता आलं नाही. बंदूकवाले म्हणतात, सराव असेल तर मॅगझिन बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात. आणि रात्री घरात कुणी घुसलं, तर तोच थांबा घरमालकालाही नडतो. हा खरा वाद आहे. दोन्हीकडे वजन आहे, आणि तो सेकंदांत मोजावा लागतो.

गंमत अशी, की 'खांद्यावर वर जाणारं काहीतरी' म्हटलं, की हा वाद सुरूच होत नाही. सगळे हसतात आणि घरी जातात.

विनोदाची दोन टोकं

अमेरिकेत यासाठी एक शब्दच निघाला, 'गनस्प्लेनिंग'. म्हणजे समोरच्याने मुलाच्या दप्तराची काळजी सांगावी आणि तुम्ही त्याचं बंदुकीचं व्याकरण तपासावं. 'आधी क्लिप आणि मॅगझिनमधला फरक शिक, मग बोल.'

हे आपल्यालाही नवीन नाही. एप्रिल २०१८ आठवा. मार्क झुकरबर्गला ८४ वर्षांच्या सिनेटर ऑरिन हॅच यांनी विचारलं, लोक पैसे देत नाहीत, मग तुमचा धंदा चालतो कसा? तो म्हणाला, सेनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो. आख्ख्या जगाने तो रील फिरवला, आपणही हसलो. आणि त्या हसण्यात, आपला डेटा नेमका कुठे जातो, हा त्या सुनावणीचा मूळ प्रश्न मात्र झुकरबर्गसाठी हलका होऊन गेला. हसलो आपण, फायदा त्याचा.

म्हणून दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट. नेत्यांनो, ज्या वस्तूवर बंदी घालताय, ती एकदा हातात घ्या, कुणाकडून तरी सुटी करून बघा. अर्धा तास लागतो. तुमची चूक तुमच्याच मतदारांच्या दुःखाचा विनोद करून टाकते. आणि हसणाऱ्यांनो, हसा, बिनधास्त हसा. कायदा करणाऱ्याचं अज्ञान झाकायचं काहीच कारण नाही. फक्त हसून झाल्यावर त्याचं वाक्य स्वतः दुरुस्त करून द्या, आणि मग त्या दुरुस्त वाक्याला उत्तर द्या.

पुढच्या वेळी एखाद्या नेत्याचा 'बघा याला काही कळत नाही' वाला रील आला, विषय बंदूक असो, एआय असो नाहीतर शेती, फॉरवर्ड करण्याआधी ही चाचणी लावून बघा. आणि हो, आपल्या आवडत्या नेत्यालाही लावा. तिथे ती जास्त अवघड जाते.

तुम्हाला असा एखादा किस्सा आठवतोय, जिथे शब्द चुकला होता पण माणूस बरोबर होता? किंवा उलट, शब्द एकदम फर्मास आणि मुद्दा पोकळ? व्हॉइस नोट पाठवा, निवडक आपण पुढच्या भागात ऐकवू. भेटू लवकरच. तोपर्यंत काळजी घ्या, आणि स्टेपलर फेकून देऊ नका, पिना भरा.